विलायती पन्हा

चहाचा कप खाली ठेवून प्रफुल्लनं मागाकडे पाहिलं आणि तुळसाला हळूच विचारलं, "काकू, ताणा अजून तसाच आहे न?"

तिच्या नवऱ्याची, भैय्यालालची, तेरवी कालच झाली होती. त्याच्या मुलीला, रुचिताला, वाटलं की हा माणूस बाबांसाठी आलेला नाही.

प्रफुल्ल भंडाऱ्याचा. गावातलं कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड उचलून बाहेर पाठवणारा. पूर्वी लंडनचा एक व्यापारी त्याच्याकडून मोठ्या पन्ह्याचं कापड घ्यायचा आणि तिथून जर्मनी-फ्रान्सला विकायचा. इंग्लंड युरोपच्या संघातून बाहेर पडलं आणि त्याच कापडावर दोनदा जकात बसू लागली. एकदा लंडनला उतरताना, पुन्हा पलीकडे जाताना. व्यापाऱ्यानं काही दिवस रेटलं, मग फोन उचलणं सोडलं.

रुचितानं नागपूरहून येऊन बाबांना हे सगळं समजावून सांगितलं होतं. भैय्यालालनं शांतपणे ऐकून घेतलं.

"वेगळे निघाले म्हन न," तो म्हणाला. "भाऊ वेगळे निघतात, आंगनात भिंत घालतात. पन पोरीच्या लग्नाले एकाच मांडवात बसतात का नाई? येतील."

विणकराच्या घरी माग रिकामा होऊ देत नाहीत. कापड उतरलं तरी जुन्या ताण्याची, उभ्या धाग्यांची, टोकं मागाच्या फणीत तशीच राहतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना पिळून जोडतात. टोकं कापली तर सगळं पहिल्यापासून ओवावं लागतं. शिवाय तो अपशकुनही. भैय्यालालच्या फणीत त्या मोठ्या, विलायती पन्ह्याची टोकं होती. साड्यांचं काम आलं तेव्हा गावातल्या इतरांनी आपापली टोकं कापून साडीची फणी बसवली. तुळसानं नवऱ्याला किती विनवलं. तो एवढंच म्हणायचा, कापली आणि ते आले, तर नवे धागे कशाशी जोडू? माग झाकून तो मोहाडीच्या राइस मिलमध्ये पोती वाहायला गेला. कोंडा छातीत बसला. शेवटी शेवटी त्याला पाणीसुद्धा धड पिता येत नव्हतं, खोकल्यानं सांडायचं.

आता प्रफुल्ल सांगत होता की इंग्लंडनं आपल्या देशाशी करार केला आहे. संघात नाहीत म्हणूनच त्यांना तो एकट्यानं करता आला. जकात जाणार म्हणतात. तिथल्या दुसऱ्या एका व्यापाऱ्यानं नमुना मागवलाय, त्याच पन्ह्याचा. गावात तो आता याच मागावर उरलाय. कारागीर प्रफुल्ल आणील, काकूंनी फक्त हो म्हणायचं.

"भैय्यालालकाकाईले बरोबर समजलं होतं," तो म्हणाला.

बाबा खरे निघाले याचा रुचिताला राग आला. खोटे निघाले असते तर निदान त्यांच्यावर चिडून मोकळं होता आलं असतं.

 तुळसानं विचारलं, "तिकडच्या लोकाईले, आमी आहो हे कवा समजलं?"

प्रफुल्ल ओशाळून हसला. "त्याईले काहून समजन, काकू? त्याईनं आपल्या घरचं पाह्यलं."

"मंग मीबी माह्या घरचं पाह्यते."

तिनं कोनाड्यातली कात्री घेतली आणि मागावरचं फडकं बाजूला केलं. प्रफुल्ल उठून उभा राहिला. काकू, अपशकुन असते, असं काहीतरी पुटपुटला.

"ज्याले लागाचा होता त्याले लागून गेला," तुळसा म्हणाली.

कात्री बोथट होती. धागे एका दमात कापले जात नव्हते. मूठमूठ धरून ती कापत गेली. रुचिता मदतीला पुढे झाली, तिला तिनं नजरेनंच थांबवलं. प्रफुल्ल कधी निघून गेला ते दोघींनाही कळलं नाही.

फणी रिकामी झाली. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून भैय्यालाल जन्मभर बसला होता. शेजारी भिंतीला टेकून, त्याच्यासाठी आडव्या धाग्याच्या कांड्या भरत, तुळसा. आज पहिल्यांदाच ती त्याच्या फळीवर बसली आणि तिनं खड्ड्यात पाय सोडले.

ते तळाला पोचत नव्हते.