एक इंच वजा

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. शिंप्याच्या गळ्यात दिवसभर लोंबकळते ना, ती. पूर्वी मी पिवळीधमक होते, आता मळकट झाले आहे. माझ्यावर साठपर्यंत आकडे छापलेले आहेत, पण खरे सांगायचे तर माझ्याकडे एकोणसाठच इंच आहेत. पहिला इंच कुठे गेला ते आधी सांगते, म्हणजे पुढचे तुम्हाला नीट कळेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथून मी मास्तरांच्या गळ्यात आले. मास्तर म्हणजे पुलाजवळचे शिंपी. खाली दुकान, वर घर आणि समोर बेकरी. मास्तरांचा मुलगा तीन वर्षांचा असताना एका दुपारी त्याने टेबलावरची मोठी कात्री ओढली आणि माझा पहिला इंच छाटून टाकला. अगदी एकच्या रेषेवर, सरळ! मी मनातल्या मनात किंचाळले. मास्तर मात्र रागवायचेच विसरले.

"अगं, बघ तरी!" त्यांनी बायकोला हाक मारली. "पोरगं रेषेवर कापतंय. हात बसलाय याचा!"

"कौतुक पुरे. आता नवी टेप आणा," त्या म्हणाल्या.

"कशाला? एक वजा केला की झालं."

तेव्हापासून मास्तर माझ्यावर आकडा वाचत, ओठ हलवून पुटपुटत "एक वजा" आणि उरलेला आकडा वहीत लिहीत. चाळीस दिसले की एकोणचाळीस. सोळा वर्षे हे चालले. त्या वहीत सगळ्या गावाची मापे होती. पुलाच्या अलीकडच्यांची होती, पलीकडच्यांचीही होती. मास्तर एकदाही चुकले नाहीत. मला त्याचा फार गर्व होता.

बेकरीवाल्यांचा मुलगा आणि मास्तरांचा मुलगा एकाच वयाचे. दोघे दर वर्षी शाळेच्या गणवेशाची मापे द्यायला एकदमच येत. बेकरीवाल्यांचा मुलगा दर वर्षी मास्तरांच्या मुलापेक्षा बरोबर एका इंचाने उंच भरे. म्हणून त्याचे नाव लंबू पडले आणि मास्तरांच्या मुलाचे छोट्या. छोट्या गुपचूप टाचा उचलायचा. मास्तर ओरडायचे, "टाचा खाली!" आणि लंबू पोट धरून हसायचा.

दोघे एकोणीस वर्षांचे झाले तेव्हा मी त्यांचे शेवटचे माप घेतले. कमरेपासून घोट्यापर्यंत, एक वजा करून, लंबू चाळीस, छोट्या एकोणचाळीस.

"बाबा," छोट्या म्हणाला, "या वेळी माझा एक वजा करू नका ना! कागदावर तरी होऊ दे आम्हाला सारखं."

मास्तरांनी त्याच्या डोक्यात टपली मारली आणि एकोणचाळीसच लिहिले.

मग युद्ध सुरू झाले. परक्या देशाशी नव्हे, आमचे आमच्याशीच. पुलाच्या मधोमध वाळूची पोती रचली गेली आणि मास्तरांच्या वहीतली अर्धी माणसे शत्रू ठरली. दुकानात माप द्यायला कुणी येईना. मास्तरांना सैनिकांचे सदरे शिवायला मिळाले. लहान, मध्यम, मोठा, बस्स. त्याला टेप लागत नाही. मी खिळ्याला टांगलेली राहिले.

एके सकाळी बेकरीसमोर पावाची रांग लागली होती. लंबू खिडकीतून पाव देत होता, छोट्या रांग सांभाळत होता. पलीकडचे लोक ट्रक घेऊन आले आणि त्या दोघांना उचलून घेऊन गेले. रांगेत बाकी सगळ्या बायका आणि म्हातारे होते, त्यांना कुणी हात लावला नाही. पाव रस्त्यावर तसेच पडले होते. मास्तर अनवाणी पुलापर्यंत धावत गेले आणि तसेच परत आले.

चार महिन्यांनी पुलावरून मृतदेह परत येऊ लागले. अंगावर सगळ्यांच्या तुरुंगाचे एकसारखे करडे कपडे. केस भादरलेले. चेहरे ओळखण्यासारखे राहिले नव्हते. तुम्ही लहान आहात, म्हणून याहून जास्त मी सांगणार नाही. प्रत्येकाच्या मनगटाला एक चिठ्ठी बांधलेली असे आणि त्याला कुठून उचलले एवढेच तिच्यावर लिहिलेले असे. त्यांना बटाट्यांच्या शीतगृहात ठेवत. दवाखान्यातल्या सिस्टर दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या वहीत सगळ्यांची मापं आहेत म्हणे. याल का?"

मास्तर गेले, पण आत त्यांच्याने जाववेना. ते दाराबाहेर बाकावर वही घेऊन बसत. सिस्टर मला आत नेत. "तुम्हाला दिसेल तोच आकडा सांगा, बाकी मी बघतो," असे मास्तरांनी त्यांना बजावले होते. सिस्टर आकडा ओरडून सांगत, मास्तर एक वजा करत आणि वहीत शोधत. अशी नऊ माणसे त्यांनी आपापल्या घरी पोचवली.

मित्रांनो, मी जिवंत माणसांची टेप आहे. माप घेताना माणसे पोट आत ओढतात, गुदगुल्या होतात म्हणून अंग चोरतात. तिथे कुणी अंग चोरत नव्हते. मला फार थंडी वाजायची.

एका दुपारी ट्रक आला. त्यातल्या एकाच्या चिठ्ठीवर लिहिले होते, "पावाची रांग". तिथून दोघांनाच नेले होते. निरोप मिळताच बेकरीवाले धावत आले आणि बाकावर मास्तरांना चिकटून बसले. वीस वर्षांचे ते शेजारी. दोघांनी एकमेकांचा हात घट्ट धरला होता. दोघांनाही कळत होते, की दोघांपैकी एकालाच आज मुलगा सापडणार आहे.

दार उघडेच होते. मला मास्तर दिसत होते. सिस्टरांनी माझे तुटके टोक त्याच्या कमरेशी धरले आणि मला घोट्यापर्यंत नेले. मी त्या मुलाला ओळखले. अहो, मी त्याला तीन वर्षांचा असल्यापासून ओळखत होते!

"चाळीस!" सिस्टर ओरडल्या.

मी मास्तरांच्या ओठांकडे पाहत राहिले. सोळा वर्षे मी त्या ओठांना "एक वजा" म्हणताना पाहिले होते. त्या दिवशी ते हललेच नाहीत. मास्तरांनी वही उघडली, पण तिच्यात पाहिले नाही.

"चाळीस," ते म्हणाले. "भाऊ, तुमचा आहे."

बेकरीवाल्यांनी मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला. "तुमचा तरी येऊ दे, मास्तर," ते म्हणाले, "तुमचा तरी घरी येऊ दे."

मास्तर विसरले, की त्यांनी तसे ठरवूनच केले? हा प्रश्न मी स्वतःला हजारदा विचारला आहे. विसरले असे म्हणायला माझे मन धजत नाही. मला वाचा असती तर मी ओरडले असते. पण टेपला आकडे असतात, वाचा नसते.

त्याला लंबूच्या नावाने पुरले. महिन्याभराने बेकरीवाल्यांनी भट्टी विझवली. "आता पाव कुणासाठी भाजू?" असे म्हणून ते बायकोला घेऊन सीमेपलीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले. कुठल्या छावणीत गेले ते कुणालाच कळले नाही. किल्ली मास्तरांकडे ठेवून गेले.

मास्तरांच्या बायकोने मात्र आशा सोडली नव्हती. त्या मशीनवर बसून छोट्यासाठी पँट शिवू लागल्या. "वर्ष होत आलं. एवढ्यात एखादा इंच तरी वाढला असेल की नाही?" असे म्हणून त्यांनी लांबी चाळीस ठेवली. मास्तर खाली मान घालून काज करत राहिले. त्यांनी मला पुन्हा गळ्यात घातले नव्हते. त्यांचे जेवण कमी झाले होते, बोलणे तर त्याहून कमी झाले होते.

पुढे लढाई थांबली आणि कैदी सुटले. एका दुपारी दुकानाच्या दारात एक मुलगा येऊन उभा राहिला. हाडांचा सापळा, पण उंच. तो कुलूप लावलेल्या बेकरीकडे पाहत होता.

"काकू," तो म्हणाला, "आई-बाबा कुठं गेलेत?"

काकूंच्या हातातली पँट खाली पडली. "लंबू? अरे, तू... तुला तर..."

त्याला काही उमगेना. तो उंबऱ्यावरच बसला. "छोट्याला नीट पोचवलं ना त्यांनी?" त्याने विचारले. "मीच उचलून ट्रकमध्ये ठेवला त्याला, काकू. चिठ्ठीवर नाव लिहू देत नव्हते. म्हणून मी 'पावाची रांग' लिहिलं. म्हटलं, काका मापावरून बरोबर ओळखतील."

काकू मास्तरांकडे वळल्या. आवाज अगदी शांत होता.

"सिस्टरनं आकडा किती सांगितला होता?"

"चाळीस."

"मग?"

मास्तरांचे ओठ हलले. वर्षभराने हलले. "एक वजा," ते म्हणाले. "एकोणचाळीस."

काकूंनी मास्तरांना त्यापुढे एकही शब्द विचारला नाही. मला वाटते, विचारला असता तर मास्तरांना बरे वाटले असते. त्यांनी खाली पडलेली पँट उचलली, झटकली आणि लंबूच्या हातात दिली. "ही घाल. अंगावर धड काही नाही तुझ्या," त्या म्हणाल्या. तो आतून पँट घालून आला. कमरेला ढगळ होत होती, पण लांबीला अगदी बरोबर बसली. काकूंनी वाकून त्याच्या घोट्यापाशी कापड चाचपले आणि तिथेच बसून त्या रडू लागल्या.

आता लंबू वर काकूंकडेच राहतो. दिवसा भट्टी पेटवतो. मास्तर गावोगावच्या छावण्यांत बेकरीवाल्यांना शोधत फिरतात. "पोराला आई-बाप मिळवून दिल्याशिवाय घरी येऊ नका," असे काकूंनी त्यांना सांगितले आहे. दोनदा रिकाम्या हाताने परतले, पायरीवरूनच पुन्हा गेले. कबरीवरचे नाव काकूंनी बदलून घेतले.

मी खिळ्यालाच आहे. लंबूने नवी टेप आणून देऊ केली होती, पण काकूंनी मला फेकू दिले नाही. कधी कधी त्या माझ्या कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवतात. काप खरेच फार सरळ आहे.

मित्रांनो, मोठे झालात की माझ्यासारखी एखादी टेप तुमच्या हाती येईल. तिने उभ्या माणसांची मापे घ्या. हसणाऱ्यांची, अंग चोरणाऱ्यांची घ्या. पुलाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांची घ्या आणि एकाच वहीत लिहा. ती वही बटाट्यांच्या शीतगृहाबाहेर उघडायची वेळ कुणावर येऊ देऊ नका. आणि एखादे पोर टाचा उचलून एक इंच चोरत असेल, तर त्याला ओरडू नका. घेऊ दे त्याला तो इंच.