लाल कमानीच्या आतले ओगराळे

मी एक जुने ओगराळे आहे. अंग देवदाराचे, दांडा बांबूचा. डोंगराच्या कुशीतल्या जपानी गावात, देवळाच्या दगडी कुंडावर माझे आयुष्य गेले. मित्रांनो, इसोकिची आजोबांनी पातळ फळी वाफेवर वाकवून मला घडवले.

देवापुढे जाण्याआधी माणसे माझ्या पाण्याने डावा हात धूत, मग उजवा, मग ओंजळीत घेऊन चूळ भरत. नवरीचे गार हात, परीक्षेला निघालेल्या पोरांचे शाई लागलेले हात, सारे मी पाहिले. एखादा पाहुणा मलाच तोंड लावू गेला, की आजोबांची बायको फुकिनो त्याला हळूच अडवी.

मग रोगाची साथ आली; एकच ओगराळे सगळ्यांच्या हातात नको, असे ठरले. कुंडावर बांबूची नळी बसली आणि मी अडगळीत पडलो. कोरडे पडून माझे अंग तडकले. त्याच हिवाळ्यात आजोबा गेले. नव्या वर्षी देवळातल्या जुन्या वस्तू अग्नीला देतात. त्या ढिगात मीही होतो.

फुकिनोला त्याआधी एकदा, नवऱ्याने घडवलेल्या माझ्या पाण्याने हात धुवायचे होते. पण सुतक फिटेपर्यंत आमच्याकडे देवळाच्या वाटेवरची लाल कमान ओलांडत नाहीत. ती रोज येई आणि कमानीबाहेरचा पाला झाडत राही.

शेजारीण मित्सु म्हणाली, "ये गं आत. देव काय तुला ओळखत नाही?"

"ओळखतो, म्हणूनच बाहेर उभी आहे."

"मग मी आणून देते बाहेर. घरीच ने."

"देवाचं आहे ते. घरी नेलं असतं तर हे मलाच रागावले असते."

मित्सु बडबडत पुजाऱ्याकडे गेली. अग्नी पेटायच्या आत तिने मला ढिगातून उपसून काढले. पुजाऱ्याने मला पुन्हा कुंडावर ठेवू दिले.

बर्फ वितळू लागले, सुतक फिटले. फुकिनो कमानीपाशी वाकली आणि आत आली. तिने मला नळीखाली धरले. डावा हात, उजवा हात, ओंजळभर चूळ. हात धुऊन झाले, की ओगराळे उभे धरून उरलेल्या पाण्याने दांडा धुवायचा, मागून येणाऱ्यासाठी. पण पाणी माझ्या तड्यातून केव्हाच गळून गेले होते. फुकिनो मला उभे धरून तशीच थांबली.

सोबत आलेल्या मित्सुने नळीखाली ओंजळ भरली आणि माझ्या दांड्यावर सोडली.

"आता कोण येणार आहे मागून?" फुकिनोने विचारले.

"मी आहे ना," म्हणत मित्सुने मला हातात घेतले.

आज दुपारी पुजारी माझ्यासाठी वेगळा अग्नी पेटवणार आहे. माझी तक्रार नाही. मित्रांनो, हातातली वस्तू खाली ठेवताना एवढेच करा. ती पुढच्याच्या हातात स्वच्छ जाऊ द्या.