घाटंजीच्या स्कॅनरने उजळलेला चेहरा

घाटंजीच्या बाजारओळीत कोकिळाबाईंचा फोटो स्टुडिओ आहे. तेथील खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. मित्रांनो, मी वयाने थकलेला, पण कामाला अजून ताठ असलेला फिल्म स्कॅनर आहे. जुन्या कॅमेऱ्यांच्या निगेटिव्हवर उलटे उमटलेले चित्र माझ्या पोटातील दिव्याच्या उजेडात वाचायचे आणि संगणकाच्या हवाली करायचे, हे माझे काम.

दूरच्या कारखान्यातून येथे आलो, तेव्हा माझे मोठे कौतुक झाले. दसऱ्याला दुकानातील यंत्रांची पूजा होई. पूजेच्या वेळी यंत्र चालूच असावे, असा कोकिळाबाईंचे पती नयनराव यांचा आग्रह असे. एका दसऱ्याला त्यांनी माझ्याशेजारीच नारळ फोडला. पाणी विजेच्या अडॅप्टरवर उडाले, धूर निघाला आणि माझा दिवा विझला. मग मी कपाटावर गेलो. माझ्यावर अल्बमांची रिकामी खोकी चढली.

यंदा दसऱ्याच्या तोंडावर जवळच्या बंजारा तांड्यावरून सुखीबाई आल्या. त्यांचे पती तरुणपणीच वारले होते. त्यांचा एकमेव फोटो वाळवीने खाल्ला. उरली ती निगेटिव्ह.

"नातीचं लगन हाय, बाई," त्या म्हणाल्या. "तिनं आजाले पाह्यलंच नाही. मांडवात त्याईचा फोटू पाह्यजे."

कोकिळाबाईंनी मला खाली उतरवून पुसले. माझ्या जळालेल्या अडॅप्टरऐवजी नयनरावांनी टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर पुढे केला.

"पिन तं बसते."

"पिन बसते, व्होल्ट बसत नाही," कोकिळाबाई म्हणाल्या. माझ्या पाठीवरचा आकडा त्या अडॅप्टरशी जुळत नव्हता. त्यांनी यवतमाळहून जुळणारा मागवला.

तो नेमका दसऱ्याला आला. सुखीबाई येऊन बसल्या होत्या. तेवढ्यात नयनराव नारळ घेऊन आले.

"चालू कर, मंग फोडतो."

"नारळ उंबऱ्यावर फोडा. याले कोरडं कुंकू लावा, तेही झाकणावर."

"बंद मशीनची पूजा? देव पावते काय असानं?"

"मांगच्या खेपेस पावला होता न, धूर काढून."

सुखीबाई पदराआड हसल्या. नयनराव नारळ घेऊन उंबऱ्याकडे गेले.

कोकिळाबाईंनी आधी संगणकात माझी आज्ञावली बसवली. कपाटावर ठेवताना दिवा हलू नये म्हणून अडकवलेली माझी खिट्टी सोडली. अडॅप्टरची पिन माझ्यात, प्लग अर्थिंगच्या बोर्डात, यूएसबीची केबल थेट संगणकात. बटण सर्वांत शेवटी.

माझा दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. कोकिळाबाईंनी निगेटिव्ह माझ्या झाकणाखाली ठेवली. मित्रांनो, तो उजेड मी किती जपून त्या निगेटिव्हवरून फिरवला, ते मलाच ठाऊक.

पडद्यावर काळ्या चेहऱ्याचा, पांढऱ्या मिशांचा माणूस आला.

"हा बुढा कोन?" सुखीबाईंचा आवाज खचला.

"उलटं हाय, मावशी. थांबा."

कोकिळाबाईंनी रंग पालटले. मिशा काळ्याभोर झाल्या, डोळे चमकले, मुंडाशाची घडी न् घडी दिसू लागली. सुखीबाई उठून उभ्या राहिल्या.

फोटो साठवण्यासाठी संगणकाने नाव मागितले.

"नाव काय टाकू, मावशी?"

सुखीबाई जुन्या वळणाच्या. जन्मभर त्यांनी नवऱ्याचे नाव उच्चारले नव्हते. नयनराव खोबरे घेऊन दारात थबकले.

"लखीराम," त्या मोठ्याने म्हणाल्या. "लिव्ह, बाई. लखीराम."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना कुंकू जरूर लावा, पण आधी प्लग काढा. पिन बसली म्हणून कोणताही अडॅप्टर जोडू नका. माझा दिवा शाबूत आहे, आणि तुमच्या घरच्या कपाटांतही कितीतरी चेहरे उलटे होऊन माझी वाट पाहत असतील.