शेंदूर चढलेले वजन

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी ठोकळा आहे. वीस किलोचे वजन म्हणतात मला. सध्या माझा मुक्काम पारोळ्याजवळच्या एका सरकारी मका खरेदी केंद्रात आहे. रूप म्हणाल तर बसकट, आणि डोक्यावर उचलायला एक कडी. माझ्या प्रेमात कोणी पडेल असे मला कधी वाटले नव्हते. पण एक माणूस पडला, आणि तिथूनच सगळा घोटाळा झाला.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेले लोखंड साच्यात ओतले, थंड झाल्यावर माझ्या तळाला एक भोक पाडले आणि त्यात शिसे भरले. त्या शिशावर तपासणीचा शिक्का उठवला. वजनाच्या जातीत शिक्का म्हणजे अब्रू. तेव्हा दरवर्षी मला धुळ्याला वजनमापाच्या कचेरीत नेत, काटेकोरपणे तोलत, थोडेफार चुकलो असलो तर शिसे कमीजास्त करत आणि नवा शिक्का मारत. परत येताना मी अगदी ताठ बसून येई.

पुढे केंद्रात आकडे दाखवणारा विजेचा काटा आला. मग मला कोण विचारतो? दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला दाराशी टेकू लावून ठेवले. येणारेजाणारे मला ठेचकाळत आणि वर मलाच बोल लावत. फार वाईट दिवस होते ते.

एके दिवशी झुलालभाऊ आले. हे केंद्रावरचे मापाडी, म्हणजे शेतकऱ्यांचा माल तोलणारे. सदऱ्यावर पितळी बिल्ला, आणि त्या बिल्ल्याचा त्यांना कोण अभिमान! मला दाराशी पाहून ते कळवळले. "धान मोजानं वजन शे हाई," ते म्हणाले, "दारमा काबर टाकं?"

त्यांनी मला उचलून काट्याशेजारी मानाने बसवले. रोज सकाळी ते मला काट्यावर ठेवत आणि बरोबर वीसचा आकडा जुळवून घेत. मगच शेतकऱ्यांच्या गोण्या चढत. दसऱ्याला लोक ट्रॅक्टर पुजायचे, झुलालभाऊ मला पुजायचे. गंज चढू नये म्हणून तेलात कालवलेला शेंदूर मला आपादमस्तक फासत, तळालासुद्धा. दर दसऱ्याला जुन्या थरावर नवा थर. खरे सांगू? मला ते फार आवडे. शिक्का शेंदराखाली गेला, आणि मला धुळ्याला न्यायचे खरेदी खात्यातले सगळे विसरून गेले.

गेल्या हंगामात ताईबाई नावाच्या एक शेतकरीण बाई मका घेऊन आल्या. तोलणे झाल्यावर त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊ, गावनी गिरणीवर गोणी जास्ती भरनी व्हती. आठे कमी कशी भरस?"

झुलालभाऊंनी मला काट्यावर ठेवून दाखवले. वीस. "देख अक्का, काटा बराबर शे."

ताईबाई पावती घेऊन गेल्या, पण कुजबुज सुरू झाली. मापाडी काट्याला पाय लावतो म्हणे. खात्याचा अधिकारी आला. त्यानेही मलाच काट्यावर ठेवले. पुन्हा वीस. केंद्राचे साहेब म्हणाले, "काटा बरोबर आहे, म्हणजे माणूस खोटा. बिल्ला काढून घ्या." त्या दिवशी झुलालभाऊ जेवले नाहीत.

पण अशा केंद्रांवर बाहेरून देखरेख करायला एक समिती नुकतीच नेमली होती. तिच्यात खात्याचे कोणी नव्हते. तिच्याकडून जळगावच्या हेमांगीताई आल्या. साहेबांनी चहा आणि शेव मागवली. "आधी काम, चहा मग," ताई म्हणाल्या. त्यांनी मला निरखून पाहिले. "हे वजन कोणी तपासले?"

"त्यानेच तर आपण काटा तपासतो," साहेब म्हणाले.

"ते कळले. पण याला कोणी तपासले? मका घेणारे तुम्ही, तोलणारे तुम्ही, आणि तपासणारेही तुम्हीच."

झुलालभाऊ पुढे झाले. "ताई, देव शे तो मना. त्याले काय तपासतस?" तरीही धुळ्याला जाताना गाडीत त्यांनीच मला मांडीवर घेतले.

आणि मी भारी निघालो. शेंदराच्या थरांनी मी वीसपेक्षा जड झालो होतो. मला वीस समजून काटा जुळवला, म्हणून प्रत्येक गोणी कमी भरली होती. झुलालभाऊ खाली बसले. "मंग मीच लोकेस्ना मका कमी करा," ते म्हणाले आणि रडू लागले.

हेमांगीताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, तुम्ही माया केलीत. तपासायचे काम खात्याचे होते, ते त्यांनी केले नाही. मी असेच लिहिणार आहे." खात्याबद्दलचे वाक्य गाळा, असे साहेबांनी परोपरीने सांगून पाहिले. ताईंनी ते गाळले नाही.

बिल्ला झुलालभाऊंच्या सदऱ्यावर परत आला. ताईबाईंना आणि बाकीच्यांना राहिलेला फरक मिळाला. माझ्या अंगावरचा शेंदूर झुलालभाऊंनी स्वतः खरवडला, लेकराला न्हाऊ घालावे इतक्या हळू हाताने. शेवटी खालून माझा जुना शिक्का दिसला तेव्हा त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग मला पुन्हा धुळ्याला नेऊन शेजारी नवा शिक्का मारून आणला.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा पूर्ण विश्वास आहे, त्यालाही अधूनमधून परक्याच्या हाती तपासायला द्या. त्यात त्याचा अपमान नाही. माझा झाला नाही.

यंदा खरेदीच्या पहिल्या दिवशी झुलालभाऊंनी मला शेंदूर लावला नाही. फक्त एक झेंडूचे फूल माझ्या डोक्यावर ठेवले आणि हात जोडले. मग काट्यावर ठेवण्याआधी ते फूल उचलून घेतले. रांगेत पहिल्या उभ्या असलेल्या ताईबाई हसल्या. "ऱ्हाऊ दे ना भाऊ, फूलनं काय वजन ऱ्हास?"

"ऱ्हास, अक्का," झुलालभाऊ म्हणाले, आणि ते फूल त्यांनी ताईबाईंच्या हातात दिले.