जाळीच्या दारावरचा हार

समरे, गप. मधे बोलू नकोस, फक्त ऐक. चहा राहू दे तो. बिराजदार मॅडमचं लेक्चर संपलं की मला केबिनमध्ये बोलवलंय.

आमच्या सिव्हिलच्या लॅबमध्ये ते मशीन आहे ना, काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायचं? तिथं मल्हारदादाचं प्रोजेक्ट चालू आहे. तो फायनल इयरचा, नातेपुत्याचा. साखर कारखान्यातली राख सिमेंटमध्ये मिसळायची आणि ठोकळा किती दाब सोसतो ते बघायचं. सेकंड इयरच्या पोरीला लॅबमध्ये कोण घेतं? त्यानंच बिराजदार मॅडमना सांगितलं, "मॅडम, ही बारकी लई चौकस हाय, घ्या हिला." पावसाळाभर मी राख चाळली गं. शिंकले तरी राख. मग कुठं मॅडम म्हणाल्या, रिसर्च पेपरमध्ये तुझंही नाव टाकू. पप्पांनी तर अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं.

तर आज शेवटचा ठोकळा होता. सगळ्यात जास्त राखेचा, पावसाळ्यापासून पाण्यात पक्का व्हायला ठेवलेला. त्याच्या जोडीचे सगळे फुटून झालेले. याचा आकडा आला की पेपर पुरा.

आणि तो हार! खंडेनवमीला दादा मशीनची पूजा करतो. त्या लॅबची रीत अशी, की हार काढायचा नाही, आपोआप गळून पडेस्तोवर. दसरा होऊन गेला, झेंडू वाळून काळा पडला, तरी हार तिथंच. आता मशीनला पुढं जाळीचं दार असतं, तुकडा उडाला तर अंगावर येऊ नये म्हणून. दार उघडं ठेवून मशीन चालवलं तर त्याला लॅब कायमची बंद, हा मॅडमचा नियम. आणि दादानं हार कुठं बांधला? त्याच दाराच्या कडीत. उरलेला खाली, मशीन थांबवायच्या लाल बटणावर लोंबत सोडला.

मी म्हटलं, "दादा, कडी बसंना. हार काढू का?"

"हात लावू नकोस! वर्षभर मशीन नीट चाललं पायजे की. दोऱ्यानं आवळतो, बास."

दोऱ्यानं, समरे! हसू नकोस.

मशीन सुरू झालं. मी मोठ्यानं आकडे वाचतेय, दादा मोबाईलवर व्हिडिओ काढतोय. आकडा चढतोय, चढतोय. बाकीचे जिथं फुटले तिथनं पुढं गेला. दादा नाचायलाच लागला, "बारके, बघ की! राखेनं नाव काढलं!"

मग आवाज आला. कट्. बारीक, बोट मोडल्यासारखा. मशीन हादरत होतं, त्या हादऱ्यानं दोरा सुटला. दार हळूच उघडलं. आणि दादा मोबाईल घेऊन त्या फटीतच वाकला, चीर नीट दिसावी म्हणून!

"दादा, मागं सर!"

"आकडा वाच!"

"दादा, दार..."

"वाच की गं! आत्ता फुटंल!"

अगं, आत्ता फुटेल म्हणूनच तर! मागं एक ठोकळा असाच फुटला होता, तुकडा बसून जाळीला खळगा पडलाय. तो खळगा दादाच्या गालाशेजारी होता. जाळी बाजूला, आणि दादाचा डोळा समोर.

थांबवलं तर ठोकळा बाद. एकदा दाब सोडला की त्याचा आकडा धरत नाहीत. तरी हात बटणाकडं गेलाच. तर बटण सापडंना! नुसती फुलं. ओरबाडली, हार तुटला, दाबलं.

सगळं गप.

ठोकळा अख्खा, समरे. केसाएवढी चीर, बास. फुटला असता तर बरं, कारण तरी दिसलं असतं, असं वाटलं मला.

दादा पांढराफटक. "काय केलंस तू? न्हाय, काय केलंस हे?"

तेवढ्यात मॅडमच्या चपलांचा आवाज आला. आणि दादानं आधी काय केलं सांगू? दार लावलं. हार नव्हता ना आता, कडी बसली की नीट! मग माझ्याकडं बघितलं. सांगू नकोस, असंच.

मॅडम म्हणाल्या, "कुणाला विचारून बंद केलंस?"

मी दादाकडं बघितलं. दादा खाली वाकून फुलं गोळा करत बसलेला.

"लेक्चरनंतर ये. एक तर कारण सांग, नाहीतर लॅबची चावी ठेवून जा."

बघ, नखात अजून झेंडू आहे. दार उघडं होतं म्हटलं तर दादा जातो, फायनल इयरला, आणि त्यानंच मला आत घेतलंय. गप्प बसले तर मी घाबरट, ठोकळा वाया घालवणारी, मी जाते. पण मी गेले तर पुढच्या खंडेनवमीला, दादा नसला तरी, रीत म्हणून हार परत तिथंच येणार गं. कुणीतरी परत वाकणार. तेव्हा बटणाजवळ कोण असेल? मला त्याचीच जास्त भीती वाटतेय.

आल्या बघ मॅडम, जिन्यावर. लवकर बोल की! तू असतीस तर काय केलं असतंस?