सोनमची जड रॅकेट

कुणाचाच विश्वास बसणार नाही, पण दौंडच्या रेल्वेच्या टेनिस कोर्टावर मी मारलेला एक चेंडू सोलापूरला जाऊन परत आला होता. मालगाडीच्या उघड्या डब्यात पडला तो. समोरचा रेल्वेचा साहेब म्हणाला, "हरिबा, पॉइंट माझा." मी म्हटलं, "साहेब, चेंडू अजून जमिनीला टेकला न्हाई. खेळ चालू हाय." दुसऱ्या दिवशी गाडी परतली, वळणावर गचका बसला आणि चेंडू उडून बरोबर साहेबाच्या कोपऱ्यात पडला. साहेब नेमका चहाला गेलेला.

परवा आमच्या न्हावरे गावातल्या घराच्या अंगणात मी हे सांगत होतो, तर शेजारचा कोंडिबा म्हणतो, "डब्यात काय व्हतं रं?"

"साखर."

"मंग चेंडवाला मुंगळं लागलं आसतील."

हसा. पण ही गोष्ट एका पोरीनं लहानपणापासून खरी मानली होती. माझ्या नातीनं, सोनमनं. तुम्हाला म्हणून सांगतो, त्या कोर्टावर मी पाणी मारायचो आणि रोलर ओढायचो. रॅकेट धरली ती फक्त साहेबांच्या हातात द्यायला.

आठ वर्षांपूर्वी सोनम शाळेकडून टेनिस खेळायची. अंगानं काडी, पण चेंडू नेटच्या पलीकडे असा अलगद टाकायची की समोरची पळत येईस्तोवर त्याचा दुसरा टप्पा पडलेला. सगळा मनगटाचा खेळ. जिल्ह्याच्या सामन्यात पहिल्या दोघींत आली असती तर तिला क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. शाळेची रॅकेट मोडली होती, म्हणून सरांनी चिठ्ठी लिहून दिली: हलकी, बारीक मुठीची, तारा जरा सैल.

आम्ही दौंडला दुकानात गेलो. आता एवढा साहेबाला हरवणारा माणूस, तो नातीदेखत चिठ्ठी वाचून रॅकेट घेणार? मी ती कुऱ्हाडीसारखी पारखली. टोकाला जड असली की घाव आपल्या वजनानं बसतो. दांडा मूठभर पाहिजे. मग तारांवर बोटं मारून कान लावला. आम्ही धनगर माणसं. आमच्यात ढिला ढोल कुणी गळ्यात घालत नाही.

"आजून ताणा," मी म्हटलं.

दुकानदार म्हणाला, "आबा, पोरीच्या कोपराला झटके बसतील."

"तुम्ही मला शिकवू नका. साहेबासंगं खेळलोय मी."

सोनम एक निळी, हलकी रॅकेट हातात घेऊन उभी होती. "आबा, ही चालंल का?" मी नाही म्हणून मान हलवली. तिनं ती ठेवून दिली.

महिनाभरात ती चहाची कपबशी डाव्या हातानं उचलायला लागली. माझी बायको गिताबाई तिच्या कोपराला हळद लावायची आणि माझ्याकडे बघायची. "सवय व्हतीया," मी म्हणायचो.

सामन्यात ती चार-दोननं पुढे होती. मग हातच वर होईना. तिनं डाव्या हातानं सर्व्हिस करून बघितली, चेंडू तिच्याच पायाशी पडला. लोक हसले. मीही हसलो. का हसलो, कुणास ठाऊक.

आता ती सणसवाडीला एका कंपनीत पॅकिंगला आहे. हात बरा झालाय. रॅकेटचं नाव तिनंही काढलं नाही आणि मीही. तिला सांगायचं म्हणून कितीदा तोंड उघडलं, पण दर वेळी भलतीच गंमत बाहेर पडली.

परवा मी ती चेंडूची गोष्ट सांगत होतो, तेव्हा तिला सुट्टी होती. अंगणातच बसून लसूण सोलत होती. कोंडिबानं हसता हसता विचारलं, "व्हय रं हरिबा, तुझ्यावानी खेळाडू घरात आसून पोरीनं खेळ का सोडला?"

तेव्हा तरी खरं बोलायचं. चार माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती.

"म्या काय करू?" मी म्हटलं. "हलकी घे म्हणून सांगून दमलो. जडच पायजे म्हणून दुकानात रडली पोरगी."

सोनमचा हात थांबला.

"आबा, बाकी काय बी सांगा," ती म्हणाली, "पर हे खोटं हाय. मी रडले न्हाई. मी हलकीच मागत व्हते."