चिमटा रंगावर बसला तेव्हा

मी इस्माईलभाईंच्या गॅरेजातला तपासणीचा दिवा बोलतोय. माझं घराणं काही मोठं नाही. भंगारातल्या स्कूटरचा एक बल्ब, दोन वायरी, एकीच्या टोकाला खिळा आणि दुसरीला चिमटा. चिमटा गाडीच्या लोखंडाला लावायचा, खिळा बॅटरीला टेकवायचा. वीज असली की मी पेटतो, नसली की गप्प. कनेरगाव नाक्यावर वीस वर्षं माझा शब्द चालतो. माणसं सख्ख्या भावावर ठेवणार नाहीत एवढा विश्वास एका बल्बवर ठेवतात, आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं.

परवा सकाळी दहाला एक पांढरी गाडी गॅरेजसमोर थांबली. मागच्या सीटवर व्यंकटराव, पाय सुजलेले, धाप लागलेली. त्यांना उलटी झाली म्हणून त्यांच्या मुलीनं, जान्हवीनं, गाडी बंद केली आणि ती पुन्हा सुरूच होईना. चावी फिरवली की नुसतं ‘कट’.

“चाचा, अकराला हिंगोलीत डायलिसिस हाय. मागचं चुकलंय. आज चुकलं तर बाबाचं काही खरं न्हाई.”

भाईंनी लगबगीनं माझा चिमटा बॉनेटखालच्या पत्र्याला लावला आणि खिळा बॅटरीला. मी पेटलो नाही.

“बॅटरी मेली, बेटी. दुकानात नवी हाय. पाच मिनिटं.”

तेवढ्यात हिंगोलीकडे जाणारी एक जीप थांबली. “बसवा पेशंटला, सोडतो,” ड्रायव्हर म्हणाला. जान्हवीनं भाईंकडे पाहिलं.

“त्यांना उगंच तकलीफ काहून? होऊन राहिलं ना,” भाई म्हणाले. जीप निघून गेली.

मला बोंब ठोकावीशी वाटत होती. त्या पत्र्यावर नवा रंग होता. माझ्या चिमट्याचे दात लोखंडापर्यंत पोचलेच नव्हते! पण मला पेटता येतं नाहीतर गप्प बसता येतं, तिसरं काही येत नाही.

नवी बॅटरी बसली. पुन्हा ‘कट’. मला पुन्हा त्याच जागी लावलं, मी पुन्हा गप्प. भाईंना दरदरून घाम फुटला. व्यंकटरावांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. साडेदहा वाजत आले होते.

“चाचा, हा दिवाच बिघडला न्हाई ना?”

भाईंना ते झोंबलं. “वीस साल झाले, यानं कधी झूट सांगितलं न्हाई!” तिला दाखवायला म्हणून त्यांनी मला सरळ बॅटरीच्या दोन टोकांना जोडलं. मी लख्ख पेटलो. भाईंचा चेहरा मात्र उतरला; मीही ठीक, बॅटरीही ठीक, म्हणजे खोट पत्र्याकडेच होती.

“गाडी रंगवली का?”

“व्हय, गेल्या आठवड्यात. भावाच्या लग्नासाठी. आज घरूनबी तिसऱ्यांदा चावी फिरवली तवा चालू झाली.”

भाईंनी बॅटरीची काळी वायर पत्र्याला आवळणारा बोल्ट खोलला. खाली ताजा, जाड रंग. वीज परतायची वाटच बुजली होती. त्यांनी ब्लेडनं पत्रा उघडा होईतो रंग खरवडला, बोल्ट आवळला. जान्हवीनं चावी फिरवली आणि इंजिन धडधडलं.

“मीच चुकलो, बेटी,” भाई म्हणाले. तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. गाडी निघूनही गेली होती.

दुपारी जान्हवीचा फोन आला. व्यंकटरावांना डायलिसिसचं मशीन मिळालं होतं. भाई तिथंच पायरीवर बसले आणि मला हातात धरून माझा चिमटा फडक्यानं पुसू लागले. आता ते कामाआधी मला बॅटरीवर एकदा पेटवून बघतात. मला त्याचा राग नाही.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. मी पेटलो नाही, तर माझा चिमटा कुठं लावलाय ते आधी बघा. आणि गाडीत आजारी माणूस असेल, तर तपासणी करत बसू नका. पहिल्या जीपमध्ये त्याला बसवून द्या. माझ्यासाठी कुणाला थांबवू नका.